खनिज तेलाच्या धंद्यांतील दोन सनदा व त्यांचें उत्पन्न

जुनीं दानपत्रें व सनदा वाचणाऱ्यांस एक गोष्ट चांगली परिचित आहे. दाता कोण, प्रतिग्रहीता कोण, काल कोणता व दत्त भूमीची चतुःसीमा कोणती, या चार गोष्टी ज्या पत्रांत निःसंदिग्ध असतील तें पत्र पक्कें. यांपैकीं एकहि डळमळीत असेल तर तंटा ठेवलेलाच. मधुबन येथें सांपडलेल्या हर्षवर्धनाच्या ताम्रपटांत वामरथ्य नांवाच्या ब्राह्मणानें कूटशासनाच्या, म्हणजे बनावट दानपत्राच्या, बळावर उपभोगिलेलें गांव काढून घेऊन दुसऱ्यांस दिल्याचा उल्लेख आहे. पत्र खरें कीं खोटें, यावर एका कुटुंबाचें अन्न अवलंबून असतें, हें त्यावरून दिसून येतें.

अर्वाचीन काळीं शोधकास सरकारांतून जें पेटंट मिळतें तीहि एक सनदच होय. दाता सरकार, प्रतिग्रहीता शोधक, काल दप्तरांत नोंदलेला, व चतुःसीमेच्या ठिकाणीं शोधकाचे क्रमवार लिहिलेले दावे. भेद मुख्यतः मुदतीचा. आमचीं दानपत्रें आचंद्रार्क चालावयाचीं. आम्ही ज्या काळाविषयीं लिहीत आहों त्या काळांतील अमेरिकेची ही सनद दिल्या दिवसापासून सतरा वर्षें चाले व नंतर तो शोध सर्वांस मोकळा होई. अशी सनद हातीं असली म्हणजे धनलाभ ठरलेलाच, असा सामान्य समज आहे. खनिज तेलाच्या धंद्यांतील कागद पाहतां हा समज अर्धाच खरा ठरतो. सनदेचें उत्पन्न शोधाच्या थोरवीइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक, तीन गोष्टींवर अवलंबून राहिलें: कागदावरील तारीख, सीमेची आंखणी, व इतरांकडून मागितलेला दर. अमेरिकेंतील दोन सनदांच्या आधारें हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम ज्यानें सनद घेतलीच नाहीं त्याची हकीकत. पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील टायटसव्हिल गांवाजवळ एडविन ड्रेक यानें २७ ऑगस्ट १८५९ रोजीं सुमारें साडेएकुणसत्तर फूट खोलीवर तेल गांठलें. भोंवतालची माती व पाणी विहिरींत ढासळूं नये म्हणून त्यानें लोखंडी नळ खडकापर्यंत ठोकून त्याच्या आंतून छिद्र पाडलें. ही युक्ति पुढें सर्वांनीं उचलली. परंतु तिचें पेटंट ड्रेकनें घेतलें नाहीं. त्याच्या मागें येणाऱ्यांनीं संपत्ति मिळविली. तो स्वतः दारिद्र्यांत पडला व १८७३ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानें त्यास वार्षिक १,५०० डॉलरांचें वर्षासन करून दिलें. १८८० सालीं तो वारला.

याच्या उलट त्याच प्रदेशांत एडवर्ड रॉबर्ट्स यानें केलें. तेलाच्या विहिरीच्या तळाशीं स्फोटक द्रव्याचा नळकांडा उतरवून तो उडवावयाचा, म्हणजे खडक भेगाळून तेलाचा ओघ वाढतो, ही त्याची युक्ति. १८६५ व १८६६ सालीं त्यानें तिच्या सनदा मिळविल्या व एका स्फोटास शंभर ते दोनशें डॉलर आणि वाढलेल्या तेलाचा पंधरावा हिस्सा असा दर ठेविला. विहिरींचे मालक चिडले. रात्रीच्या वेळीं गुपचूप येऊन स्वस्तांत स्फोट करून देणारे लोक निघाले. चांदण्यांत काम करणारे असें त्यांस नांव पडलें. रॉबर्ट्सनें त्यांच्या मागें गुप्त हेर लाविले व फिर्यादींमागून फिर्यादी केल्या. १८८१ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें आपला हक्क राखला. परंतु राखणदारीचा खर्च मोठा आला. पीक आलें तरी शेत राखण्याचा खर्च निराळा असतो, हा या सनदेचा धडा.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दिव्याचें तेल हें या धंद्याचें मुख्य उत्पन्न होतें व पेट्रोल हें जवळजवळ टाकाऊ समजलें जाई. मोटारगाड्या आल्या आणि हा क्रम उलटला. अमेरिकेंत १९१० सालीं पांच लक्षांहून कमी मोटारी नोंदलेल्या होत्या. १९२० सालीं त्यांची संख्या नव्वद लक्षांवर गेली. केवळ ऊर्ध्वपातनानें कच्च्या तेलांतून पेट्रोल थोडेंच निघे; उरलेलें जड तेल कमी भावानें विकावें लागे. त्या जड तेलाचे मोठे रेणु उष्णतेनें व दाबानें फोडून लहान केले म्हणजे त्यांतूनहि पेट्रोल निघतें. या क्रियेस क्रॅकिंग म्हणतात. आम्ही तीस भंजन म्हणूं. धंद्याचें पुढील अर्धशतकाचें भाग्य या एका क्रियेवर ठरावयाचें होतें.

पहिली सनद विल्यम बर्टन याची. हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा रसायनशास्त्राचा पदवीधर, इंडियाना प्रांतांतील व्हायटिंग येथील स्टँडर्ड ऑईल कंपनीच्या कारखान्यांत चढत चढत अधिकारपदास पोंचला. रॉबर्ट हंफ्रीज व इतर साह्यकारी यांच्यासह त्यानें जड तेल बंद हंड्यांत, चौरस इंचास सुमारें ७५ पौंड दाबाखालीं तापवून पाहिलें. त्या काळचे हंडे रिव्हेटांनीं जोडलेले असत. सांध्यांतून तप्त तेल झिरपे व प्राणांशींच गांठ पडे. तरीहि पेट्रोलचें उत्पन्न सुमारें दुप्पट झालें. मोठ्या प्रमाणावर हंडे उभारण्यासाठीं बर्टननें दहा लक्ष डॉलर मागितले. परंतु न्यू यॉर्क येथील वरिष्ठ मंडळानें ही जोखीम घेण्याचें नाकारलें. १९११ सालीं वरिष्ठ न्यायालयाच्या निर्णयानें स्टँडर्ड ऑईलचा विशाल संघ मोडून त्याच्या अनेक स्वतंत्र कंपन्या झाल्या. इंडियानाची कंपनी आपल्या घरची धनी झाली आणि तिनें बर्टनला पैसा दिला. ३ जुलै १९१२ रोजीं अर्ज गेला व ७ जानेवारी १९१३ रोजीं सनद मिळाली. या तारखा वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या.

संघ मोडल्यावर इंडियानाच्या कंपनीकडे शुद्धीचे कारखाने व विक्रीचा मुलूख होता, परंतु स्वतःच्या तेलाच्या विहिरी जवळजवळ नव्हत्या. अशा कंपनीस ही सनद म्हणजे जमिनीवांचून मिळालेलें वतनच झालें. एकाच पीप कच्च्या तेलांतून तिला प्रतिस्पर्ध्यांहून अधिक पेट्रोल मिळूं लागलें, आणि पेट्रोलचा भाव तर चढाच होता. १९१४ पासून तिनें इतरांस परवाने देण्यास आरंभ केला. अट अशी कीं, या कृतीनें जो नफा होईल त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, सनदेच्या धन्यास द्यावा. हा दर पाहतांच आमच्या वाचकांस चौथाईची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. शिवाय परवानेदारानें माल कोणत्या मुलखांत विकावा याचेंहि नियंत्रण होतें. १९२० पर्यंत पंधरा स्वतंत्र कंपन्यांनीं हे परवाने घेतले होते, व तोंवर धंद्यांत प्रत्यक्ष चालणारी भंजनाची कृति ही एवढीच होती.

परंतु चौथाई देणारा कायम देत राहात नाहीं. ती चुकविण्याचा मार्गहि शोधीत असतो. बर्टनच्या कृतींत एक दोष होता. हंड्याच्या तळाशीं कोळशाचा थर बसे. तो खरडण्यासाठीं काम थांबवावें लागे. एक घाणा उतरला कीं दुसरा चढवावयाचा, अशी ती खंडित रीत. अखंड वाहत्या तेलावर ही क्रिया करण्याची रीत जो काढील तो बर्टनच्या सीमेबाहेर पडेल, हें सर्वांस उघड दिसत होतें. स्वतः परवानेदार असलेली न्यू जर्सीची स्टँडर्ड कंपनी व टेक्सास कंपनी यांनीं आपापल्या निराळ्या रीति तयार केल्या. ज्या सनदेनें धनी श्रीमंत झाला, तिच्याच दरानें त्याचे प्रतिस्पर्धी जन्मास घातले.

दुसऱ्या सनदेची कथा याहून विलक्षण आहे, आणि पोथ्यांचे पाठभेद तपासणाऱ्यांस ती विशेष रुचेल. कॅलिफोर्नियांत जेसी डब्ज नांवाचा एक तेलशोधक होता. तेथील तेल पाण्याशीं एकजीव होऊन येई व तें वेगळें करणें कठिण पडे. तेल आपल्याच वाफेच्या दाबाखालीं तापविल्यास पाणी सुटतें, असें त्यास आढळलें. २० नोव्हेंबर १९०९ रोजीं त्यानें या रीतीच्या सनदेसाठीं अर्ज केला. त्याचा रोंख तेलापासून पाणी वेगळें करण्याकडे होता, पेट्रोल वाढविण्याकडे नव्हता. हा अर्ज कचेरींत विचाराधीन असतांच बर्टनच्या कृतीचा बोलबाला झाला. शिकागो येथील मांसाचा प्रचंड व्यापारी जे. ऑग्डन आर्मर याच्या पैशावर चालणाऱ्या एका डांबराच्या कंपनीचा वकील फ्रँक बेल्कनॅप याच्या नजरेस डब्जचा अर्ज आला. तेल दाबाखालीं तापविणें ही बर्टनची कृति, आणि डब्जच्या वर्णनांतहि तेल दाबाखालींच तापत होतें. अर्जाची तारीख मात्र बर्टनच्या अर्जाहून दोन वर्षें सात महिने जुनी! हक्क विकत घेण्यांत आले, १९१४ सालीं त्यासाठीं स्वतंत्र कंपनी स्थापण्यांत आली, व अर्जांतील दावे भंजनाची क्रिया सीमेंत येईल अशा बेतानें पुन्हा लिहिण्यांत आले. ५ जानेवारी १९१५ रोजीं ती सनद मिळाली. याच कंपनीचें नांव पुढें युनिव्हर्सल ऑईल प्रॉडक्ट्स असें झालें.

हा काय प्रकार होता? पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर संहिता जुनी व तिजवरील भाष्य नवें. परंतु फळ भाष्यास मिळालें. ताम्रपटाच्या भाषेंत, दानाची मिति जुनी, पण चतुःसीमेचे दगड मागाहून रोंविलेले. यास कूटशासन म्हणतां येत नाहीं, कारण मूळ वर्णनांत जें खरोखर सांगितलेलें आहे त्यावरून दावे सुधारून घेण्याची मुभा कायद्यानें दिलेली होती. पाणी काढूं पाहणाऱ्याच्या वर्णनांत पेट्रोल काढणाऱ्याचा हक्क खरोखर बसत होता काय, हाच वादाचा प्रश्न. युनिव्हर्सल कंपनीनें इंडियानाच्या स्टँडर्डवर आपल्या सनदेचा भंग केल्याची फिर्याद लाविली, आणि तो वाद वर्षानुवर्षें चालला.

केवळ जुन्या तारखेवर ही कंपनी विसंबून राहिली असती, तर आम्ही तीस वकिली कसबाचें उदाहरण म्हणून सोडून दिलें असतें. तसें झालें नाहीं. जेसीचा पुत्र कार्बन पेट्रोलियम डब्ज (नांवाप्रमाणेंच कुळाचा व्यवसाय!) यानें अखंड वाहत्या तेलाची रीत प्रत्यक्षांत आणिली, तींत कोळसा कमी सांचे व काम पुष्कळ काळ न थांबतां चाले. तिची स्वतंत्र सनद १९२१ सालीं झाली. गुस्टाव्ह एग्लॉफसारखे रसायनज्ञ तिनें पदरीं ठेविले. ही कंपनी पेट्रोल विकीत नव्हती. तिचा माल म्हणजे ज्ञान, आराखडे व कारखाना चालवून देण्याची हमी. तिचा दर इंडियानाच्या कंपनीहून निराळ्या धोरणाचा होता: लहान असो वा मोठा, जो कारखानदार येईल त्यास एकच भाव, आंत घातलेल्या तेलाच्या दर पिपास १५ सेंट. पीप म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन. नफ्याचे हिशेब दाखविण्याची कटकट नाहीं, मुलखाचें बंधन नाहीं. ज्या लहान कारखानदारांस स्वतःची प्रयोगशाळा पोसणें अशक्य होतें त्यांस हा दर परवडला व ते टिकले. नफ्याचा चौथा हिस्सा घेणारा परवानेदारास भागीदाराप्रमाणें वाटला. पिपास ठराविक पैसे घेणारा जकातदाराप्रमाणें. दीर्घ काळ पाहतां जकातदारास लोक अधिक शांतपणें पैसे देतात, असें दिसतें.

तथापि याच सनदेचा कागद एकदां कवडीमोल ठरला होता. आर्मरची अफाट संपत्ति पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदींत बुडाली व १९२७ सालीं तो वारला. या तेलकंपनीच्या शेअरांस सावकारांनीं कांहीं किंमत धरली नाहीं, म्हणून ते त्याच्या पत्नीकडेच राहिले, असें सांगतात. पुढें १९३१ सालीं शेल, कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड व इतर मोठ्या तेलकंपन्या यांनीं मिळून युनिव्हर्सल कंपनी अडीच कोटि डॉलरांस विकत घेतली. जे कागद तारण म्हणून कोणी घेतले नसते, त्यांनींच त्या विधवेचें घर पुन्हा उभें केलें.

येथें विचक्षण वाचक विचारील: १९१५ ची सनद सतरा वर्षांनीं, म्हणजे जानेवारी १९३२ मध्यें संपावयाची, मग केवळ वर्षभराच्या हक्कासाठीं अडीच कोटि कां मोजले? आमच्या मतें याचें उत्तर मागील बाकींत आहे. फिर्याद जिंकली गेली असती तर पूर्वींच्या वर्षांत केलेल्या भंजनाची भरपाई मोठ्या कंपन्यांस द्यावी लागली असती. शिवाय धाकट्या डब्जची १९२१ ची सनद अजून जिवंत होती. म्हणजे विकत घेतला गेला तो पुढच्या हक्काबरोबरच मागचा धोकाहि. न्यायालयाचा अंतिम निर्णय होण्यापूर्वींच तडजोड झाली. त्यामुळें जुन्या तारखेची व नव्या सीमेची ती सनद इंडियानाच्या कंपनीवर खरोखर लागू होती कीं नाहीं, हें त्या वादांत ठरलेंच नाहीं. इतिहासकाराच्या दृष्टीनें ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

याच सुमारास मोठ्या कंपन्यांनीं दुसराहि एक मार्ग चोखाळला होता. इंडियाना व न्यू जर्सी येथील स्टँडर्ड कंपन्या, टेक्सास कंपनी व गॅसोलीन प्रॉडक्ट्स कंपनी यांनीं आपापसांतील सनदांचे तंटे करारांनीं मिटवून परवान्यांचें उत्पन्न वांटून घेण्याची व्यवस्था केली. ही मक्तेदारी आहे अशी सरकारनें १९२४ सालीं फिर्याद केली. १३ एप्रिल १९३१ रोजीं वरिष्ठ न्यायालयाच्या वतीनें न्यायमूर्ति ब्रँडाइस यांनीं निर्णय दिला. भंजनाच्या एकंदर शक्तीपैकीं सुमारें ५५ टक्केच या कंपन्यांच्या व त्यांच्या परवानेदारांच्या हातीं आहे, आणि भंजनानें निघणारें पेट्रोल एकंदर पेट्रोलच्या सुमारें २६ टक्केच आहे. तेव्हां त्यांस बाजारभावावर ताबा चालवितां येत नाहीं, असें म्हणून त्यांनीं करार कायदेशीर ठरविले. मात्र सनदांचे धनी एकत्र होऊन धंद्यावर वरचष्मा मिळवितील, तर परवान्याचा दर ठरविणें म्हणजे मालाचा भाव ठरविणेंच होईल, असा इशाराहि दिला.

सनदेचें उत्पन्न मोठें झालें कीं ती राखण्याचा मोहहि मोठा होतो. युनिव्हर्सल कंपनीनें रूट रिफायनिंग या कंपनीवर १९३५ सालीं अपिलांत विजय मिळविला होता. पुढें त्या पीठावरील एका न्यायाधीशाच्या लांचलुचपतीचा प्रकार उघडकीस आला, व तो निर्णय दूषित म्हणून १९४४ सालीं अपील न्यायालयानें स्वतःच रद्द केला. त्याच वर्षीं ग्लोब ऑईल या कंपनीवरील फिर्यादींत वरिष्ठ न्यायालयानें धाकट्या डब्जच्या सनदेचा भंग झाला नाहीं असें व एग्लॉफची सनद निरर्थक असें ठरविलें. बर्टनपासून एग्लॉफपर्यंत पाहतां, सनदेनें सर्वांत अधिक पैसा दिला तो सीमेविषयीं अनिश्चितता असतांना. सीमा एकदां मोजली गेली तेव्हां ती अपेक्षेहून आंखूड निघाली.

दरम्यान शास्त्र पुढें गेलें होतें. फ्रेंच शोधक यूजीन हूद्री यानें विशिष्ट मातीसारख्या द्रव्याच्या सान्निध्यांत भंजन घडवून उत्तम पेट्रोल काढलें व १९३६ पासून त्याची रीत कारखान्यांत चालूं लागली. तिच्या परवान्याचा भार नको म्हणून न्यू जर्सीची स्टँडर्ड, युनिव्हर्सल व इतर कंपन्यांनीं १९३८ सालीं संयुक्त संशोधन आरंभिलें; त्यांतूनच भुकटी द्रवाप्रमाणें वाहती ठेवण्याची रीत निघून १९४२ सालीं लुइझियानांतील बॅटन रूज येथें तिचा पहिला कारखाना सुरू झाला. बर्टनच्या बाबतींत जें घडलें तेंच पुन्हा घडलें: दराच्या भिंतीनें शेजाऱ्यास दुसरी विहीर खणावयास लाविलें, आणि ती विहीर पहिलीहून खोल निघाली.

युनिव्हर्सल कंपनीची फलश्रुति मात्र मोठी मनोरम आहे. मोठ्या कंपन्यांनीं मिळून तिची मालकी ठेवणें मक्तेदारीच्या कायद्याखालीं अडचणीचें होऊं लागलें. तेव्हां १९४४ सालीं त्यांनीं ती एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली व उत्पन्नाचा लाभ अमेरिकन केमिकल सोसायटीस, पेट्रोलियमविषयक मूलभूत संशोधनासाठीं, नेमून दिला. १९५९ सालीं कंपनीचे शेअर जनतेस विकण्यांत आले व सुमारें सात कोटि डॉलर निधींत जमा झाले. पेट्रोलियम रिसर्च फंड या नांवानें त्या निधीनें पुढें कित्येक पिढ्यांतील अध्यापकांचें संशोधन पोसलें. पाण्यापासून तेल वेगळें करूं पाहणाऱ्या एका माणसाच्या अर्जाचें शेवटीं विद्यादान झालें.

सारांश, ड्रेकजवळ शोध होता, सनद नव्हती. त्याचें पोट वर्षासनावर भरलें. रॉबर्ट्सजवळ दोन्ही होतीं, पण राखणदारीचा खर्च मोठा आला. बर्टनच्या सनदेनें एका कंपनीस धन दिलें व चौथाईच्या दरानें प्रतिस्पर्धीहि दिले. डब्जच्या सनदेंत शोधाहून तारीख व तारखेहून दर अधिक मोलाचा ठरला. म्हणून आमच्या संग्राहक बंधूंस एकच विनंति आहे. गेल्या शतकांतील कारखान्यांचे करारनामे, परवाने, शेअरांचे कागद जुन्या घरांच्या पेट्यांतून निघतात व रद्दीच्या भावानें जातात, कारण ते मोडींत नसतात व त्यांवर शिक्का मोर्तब दिसत नाहीं. ते जपावे, आणि वाचतांना पहिल्या पानावरील नांवाबरोबरच अर्जाची तारीख, दाव्यांतील मागाहून केलेल्या दुरुस्त्या व दराचें कलम हीं तीन स्थळें अवश्य टिपून ठेवावीं. कोणाचें घर भरलें व कोणाचें बसलें, याचा पत्ता बहुधा तेथेंच लागतो.